टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर व्हिएतनामी मुलाचं गेंगाणं बोलणं: तपासणीपासून उपचारापर्यंत

सिडनी, मेलबर्न, सॅन होजे, ऑरेंज काउंटी या भागांत व्हिएतनामी वस्ती मोठी आहे आणि तिथल्या शाळा-दवाखान्यांत मराठी स्पीच थेरपिस्टही आहेत. दुभंगलेली टाळू, म्हणजे तोंडाचं छत, शिवलेलं एखादं व्हिएतनामी मूल आज ना उद्या त्यांच्यासमोर येऊन बसतं. काही जण शस्त्रक्रिया शिबिरांच्या पथकाबरोबर थेट व्हिएतनामला जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, तसाच मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या आणि परक्या भाषेतलं मूल तपासायची पाळी कधीही येऊ शकते अशा विद्यार्थ्यांसाठीही.

जगात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. टाळू बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या आत शिवतात. तरीही शिवलेल्या मुलांपैकी अंदाजे 20 ते 30 टक्के मुलांची मऊ टाळू बोलताना घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत नीट पोचत नाही. मग तोंडातून यायचा आवाज नाकात घुमतो, हवा नाकातून निसटते आणि मूल गेंगाणं बोलतं. इथवरची गोष्ट जगभर सारखी आहे. पण त्या मुलाच्या बोलण्यातला नाकाचा कोणता आवाज टाळूमुळे आला आणि कोणता त्याच्या भाषेचाच आहे, हे ठरवताना भल्याभल्यांची गफलत होते. व्हिएतनामीत ही गफलत व्हायला जागा फार. म्हणून माझा आग्रह असा, की आरसा आणि टॉर्च हातात घेण्याआधी भाषा समजून घ्या. चुकीच्या निदानावर मुलाची दुसरी शस्त्रक्रिया होऊ शकते, किंवा हवी असलेली शस्त्रक्रिया दोन-तीन वर्षं लांबू शकते.

पहिली पायरी: घरची बोली विचारा

कुटुंब मूळ कुठलं, हा पहिला प्रश्न. हनोईकडचं, ह्युए-दानांगच्या मध्य भागातलं की सायगावकडचं, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीकडचं? 1975 नंतर अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांत दक्षिणेकडची कुटुंबं खूप, पण गृहीत धरू नका. एक सोपी खूण आहे. मूल आईबाबांना काय म्हणतं ते ऐका. उत्तरेत आईला ‘मे’ आणि वडिलांना ‘बो’ म्हणतात, दक्षिणेत बहुधा ‘मा’ आणि ‘बा’.

बोलीची ही चौकशी उगाच नाही. दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा न बऱ्याच स्वरांनंतर ङ होतो आणि शेवटचा त हा क होतो. टेबलाला उत्तरेतलं मूल ‘बान’ म्हणेल, सायगावचं मूल ‘बाङ’. दुभंगलेल्या टाळूची मुलं पुढचे ध्वनी जिभेच्या मागच्या भागाने काढतात हे आपण पाठ केलेलं असतं. त्यामुळे ‘बाङ’ ऐकलं की पेन लगेच चुकीच्या रकान्याकडे वळतं. ती चूक नाही, ती घरची बोली आहे. आजीसुद्धा तसंच बोलते. दक्षिणेत व आणि उत्तरेकडचा ज़ यांच्या जागी बहुधा य ऐकू येतो, त्याचीही चूक म्हणून नोंद करू नका.

उत्तरेत वेगळा सापळा आहे. लाल नदीच्या खोऱ्यातल्या काही ग्रामीण भागांत ल आणि न यांची अदलाबदल होते. शहराचं नाव ‘हा नोय’, ते काही जण ‘हा लोय’ म्हणतात. ‘लाम’, म्हणजे करणं, याचं ‘नाम’ होतं. ल चा न झालेला ऐकला की कोणीही थेरपिस्ट नाकाकडे बोट दाखवेल. आधी मुलाच्या आईकडून तोच शब्द म्हणवून घ्या. तिचाही न येत असेल, तर विषय संपला.

दुसरी पायरी: नाकाचे हक्काचे ध्वनी वेगळे काढा

व्हिएतनामीत चार नासिक्य व्यंजनं आहेत: म, न, ञ आणि ङ. आपल्याकडे ञ आणि ङ मुळाक्षरांत असतात, शब्दाच्या सुरुवातीला मात्र जवळजवळ येतच नाहीत. व्हिएतनामीत ते सुरुवातीलाही येतात आणि शेवटीही. ‘ञा’ म्हणजे घर, ‘ञो’ म्हणजे द्राक्षं, ‘ङू’ म्हणजे झोपणं. शिवाय रोजच्या बोलण्यातले अगदी नेहमीचे शब्द नासिक्य आहेत. मुलाला उद्देशून वापरतात ते ‘कोन’ आणि ‘एम’, आजोबांना ‘ओङ’, नकारासाठी ‘खोङ’. साध्या गप्पांतही नाकाचे ध्वनी एवढे भरलेले असतात की नवख्या कानाला निरोगी मूलही जरा गेंगाणं वाटतं. नासिक्याच्या शेजारचा स्वरही थोडा नाकात जातो, तेही स्वाभाविक आहे.

स्वतंत्र अनुनासिक स्वर मात्र या भाषेत नाहीत. गोव्याच्या कोकणीत ते आहेत, मालवणीतही त्यांची छटा टिकून आहे. तिथलं मूल तपासताना नाकातला स्वर भाषेचाच असू शकतो. व्हिएतनामीत मात्र आजूबाजूला नासिक्य व्यंजन नसताना स्वर नाकात घुमत असेल, तर भाषेची सबब उरत नाही. ही फार उपयोगाची गोष्ट आहे आणि पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे.

मराठी कानाला इथे एक मोठा फायदा आहे. व्हिएतनामीत त आणि थ वेगळे आहेत, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीवर वाढलेल्या थेरपिस्टला हा फरक कान लावून शिकावा लागतो, आपल्याला तो आयता मिळतो. ख आणि ग मात्र आपले नाहीत. ते उर्दूतल्या नुक्त्याच्या ख़ आणि ग़ सारखे घर्षणाचे आहेत. घशातून खरखर आली म्हणून लगेच ‘घशातली चुकीची घर्षणं’ असं लिहू नका. शब्दात खराच ख़ आहे का, ते आधी बघा.

आणखी दोन बारकावे. एक, शब्दाच्या सुरुवातीचा प या भाषेत जवळजवळ फक्त उसन्या शब्दांत आहे. आपण सवयीने ‘पा-पा-पा’ म्हणायला लावतो आणि मूल ‘बा-बा-बा’ म्हणतं, त्यात काही वावगं नाही. दोन, सुरुवातीचे ब आणि द हे आत ओढून काढलेले असतात, सिंधी लोकांच्या ब-द सारखे. त्यांत तोंडातला हवेचा दाब कमी चढतो. त्यामुळे हवा निसटते का हे पाहायला ते कामाचे नाहीत. त्यासाठी त, थ, क, स, च आणि फ वापरा. इथला फ ओठ-दातांचा, ‘फॅन’मधला. ब आणि द वेगळ्या गोष्टीसाठी ऐकायचे: त्यांचा म आणि न होतोय का?

तिसरी पायरी: वाक्यं आधी घरी तयार करा

तपासणीच्या खोलीत बसून वाक्यं सुचत नाहीत. निदान तीन गठ्ठे आधी तयार ठेवा आणि एखाद्या व्हिएतनामी माणसाकडून तपासून घ्या.

पहिल्या गठ्ठ्यात एकही नासिक्य ध्वनी नको. ‘को बा दी चऽ’, म्हणजे बा मावशी बाजारात जाते. ‘बे दी से दाप’, म्हणजे बाळ सायकल चालवतं. दोन्ही वाक्यं मुलांच्या ओळखीची आहेत आणि त्यांत नाकाचं काहीही काम नाही. दुसऱ्या गठ्ठ्यात नासिक्य ठासून भरा: ‘मे मुआ ञो’, आई द्राक्षं घेते. दक्षिणेतल्या मुलासाठी ‘मे’च्या जागी ‘मा’ ठेवा. तिसऱ्या गठ्ठ्यात एकेक दाबाचं व्यंजन पुन्हा पुन्हा येईल असे शब्द घ्या: ‘सा’ (दूर), ‘का’ (पाणी प्यायचा मग), ‘था’ (क्षमा करणं), ‘फा’ (मिसळणं). व्हिएतनामीत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि हे चारही सपाट सुराचे शब्द आहेत. त्याचं महत्त्व पुढे येईल.

आकडे मोजायला लावायची सवय आपल्या सगळ्यांना आहे आणि ती इथे दगा देते. इंग्रजीत साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, कारण त्या आकड्यांत स आणि क्स यांची रेलचेल असते. मराठीत तर ही युक्ती फारच छान चालते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत अडुसष्टपर्यंत एकही नासिक्य नाही आणि प्रत्येक शब्दात ‘सष्ट’. व्हिएतनामीत साठ म्हणजे ‘साऊ मुओइ’, आणि तो म प्रत्येक आकड्यात येतो. एक ते दहा मोजलं तरी मोत, बोन, नम, ताम, चीन, मुओइ हे सहा शब्द नासिक्य निघतात. उरतात फक्त हाय, बा, साऊ, बय: दोन, तीन, सहा, सात. म्हणून मुलाला हे चारच आकडे उलटसुलट म्हणायला लावा. एक ते दहाची पूर्ण मोजणी नाक चोंदलेलं आहे का हे पाहायला राखून ठेवा.

नेझोमीटर असेल तर जरूर वापरा. नाकातून आणि तोंडातून येणाऱ्या ध्वनीची ऊर्जा तो वेगवेगळी मोजतो आणि एकूण ऊर्जेत नाकाचा वाटा किती टक्के, ते सांगतो. पण इंग्रजी उताऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा व्हिएतनामी वाक्याला लावायची नाही. वाक्यात नासिक्य किती आणि इ-उ सारखे उंच स्वर किती, यावर आकडा हलतो. उंच स्वरांत तो निरोगी मुलांचाही जास्त येतो. त्याच वाक्यांवर, त्याच बोलीच्या निरोगी मुलांचे आकडे हाताशी नसतील, तर यंत्राचा आकडा फक्त त्याच मुलाच्या आधीच्या आणि नंतरच्या तुलनेसाठी वापरा.

चौथी पायरी: ऐका, पाहा, नाक धरा

शांत खोली, मुलाच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर मायक्रोफोन, आणि शक्यतो व्हिडिओ. नुसता आवाज पुरत नाही. नाकपुड्या आक्रसतात का, ओठ मिटतात का, हे डोळ्यांनीच कळतं. पालकांची संमती त्यांच्या भाषेत घ्या.

सुरुवात गप्पांनी करा. मूल खुललं की मग वाक्यं म्हणवून घ्या. वाचता न येणाऱ्या मुलाला मागून म्हणायला लावा, पण आदर्श उच्चार तुमच्या तोंडचा नको. तुमचे सूर चुकले तर मूल गोंधळेल किंवा तुमचीच नक्कल करेल. आईला किंवा दुभाष्याला म्हणू द्या.

आता मुख्य चाचणी. मुलाला लांबट ‘ई’ म्हणायला लावा आणि दोन बोटांनी नाक हलकेच धरा, सोडा, धरा, सोडा. मऊ टाळू व्यवस्थित मिटत असेल तर आवाज बदलत नाही, कारण नाकातून काही जातच नव्हतं. बदलला, कोंदट झाला, तर आवाज नाकात शिरतोय. मग हीच चाचणी ‘को बा दी चऽ’ या वाक्यावर करा: एकदा नाक उघडं, एकदा बंद. फरक ‘दी’ या शब्दाशी सगळ्यात आधी ऐकू येईल, कारण उंच स्वरांत गळती लवकर उघडी पडते. ‘बा’शीसुद्धा ऐकू आला तर प्रमाण जास्त आहे असं समजा. नाक उघडं असताना ‘बा’चा सरळ ‘मा’ आणि ‘दी’चा ‘नी’ होत असेल, तर दोष तीव्र आहे. नोंदीसाठी जगभर चालणारी चार पायऱ्यांची मोजपट्टी पुरेशी आहे: शून्य म्हणजे सर्वसाधारण, मग सौम्य, मध्यम, तीव्र. दशांश लावून अचूकतेचा आव आणायची गरज नाही.

त्यानंतर लहानसा थंड आरसा नाकपुड्यांखाली धरा आणि ‘सा-सा-सा’, ‘था-था-था’ म्हणवून घ्या. बोलणं सुरू झाल्यावर आरसा धरायचा आणि थांबायच्या आत काढायचा, नाहीतर साध्या श्वासाची वाफ धरते आणि तुम्ही फसता. आरसा नसेल तर प्लास्टिकच्या नळीचं एक टोक मुलाच्या नाकपुडीशी आणि दुसरं आपल्या कानाशी. हवेची गळती कानात ठसठशीत ऐकू येते. खरखर मोठी असेल तर फट मोठी, असं मात्र समजू नका. बहुधा उलट असतं. बारीक फटीतून जाणारी हवा जास्त आवाज करते; मोठ्या फटीत स्वर खूप घुमतो आणि हवेचा आवाज दबून जातो.

मग ‘मे मुआ ञो’ नाक धरून आणि सोडून म्हणवून घ्या. इथे आवाज बदललाच पाहिजे. बदलला नाही तर नाक आधीच बंद आहे: सर्दी, नाकामागच्या वाढलेल्या गाठी म्हणजे अ‍ॅडेनॉइड्स, वाकडा पडदा किंवा आधीच्या शस्त्रक्रियेने अरुंद झालेली वाट. गेंगाणेपणा आणि चोंदलेपण एकाच मुलात एकत्र असू शकतात, आणि तसं असलं की नुसत्या कानाने निर्णय देणं अवघड होतं. सर्दी असेल तर सरळ दोन आठवड्यांनी बोलवा.

पाचवी पायरी: कंठातला झटका कोणाचा?

व्हिएतनामी मुलाच्या तपासणीतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

टाळू गळकी असली की तोंडात दाब साठत नाही. मग मूल दाब जिथे मिळतो तिथे, म्हणजे स्वरतंतूंपाशी, हवा अडवतं. त, क, च यांच्या जागी घशात एक झटका ऐकू येतो. जगभरच्या थेरपिस्टांना हा झटका म्हणजे दुभंगलेल्या टाळूची सही वाटते. पण व्हिएतनामीत तसा झटका भाषेचाच आहे, आणि तोही तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे सूर. उत्तरेच्या बोलीत सहा सूर आहेत. त्यांतला ‘ङा’ हा सूर मध्येच कंठात तुटतो आणि ‘नङ’ हा सूर खाली जाऊन कंठात आवळून संपतो. दक्षिणेत ‘होय’ आणि ‘ङा’ एकमेकांत मिसळून पाचच सूर उरतात आणि हे आवळणंही कमी असतं. म्हणजे हनोईच्या मुलाच्या ‘चऽ’च्या शेवटी झटका आला तर तो सुराचा आहे. सायगावच्या मुलाच्या तोंडी तेवढाच जोरदार झटका आला तर पुन्हा ऐका. दुसरं ठिकाण म्हणजे स्वराने सुरू होणारे शब्द. त्यांच्या आधी बारीकसा झटका असतोच. तिसरं ठिकाण शब्दाच्या शेवटचे प, त, क. ते ओठ किंवा जीभ टेकवून तिथेच थांबवतात, सोडत नाहीत, म्हणून ते कानाला फारसे ऐकू येत नाहीत.

मग फरक करायचा कसा? डोळ्यांनी. ‘दाप’ (सायकलच्या शब्दातला), ‘देप’ (सुंदर), ‘बप’ (दक्षिणेत मका) असे प ने संपणारे शब्द घ्या आणि ओठांकडे बघा. ओठ मिटले तर प आहे, आवाज ऐकू येवो वा न येवो. ओठ उघडेच राहिले आणि शब्द घशात तुटला, तर मुलाने प टाकून झटका घेतला आहे. इथेही एक अपवाद लक्षात ठेवा. ओ, उ अशा गोल स्वरांनंतरचे शेवटचे क आणि ङ म्हणताना व्हिएतनामी लोक ओठही मिटतात. ‘खोङ’ म्हणताना मुलाचे ओठ बंद होऊन गाल किंचित फुगलेले दिसतील. ङ चा म झाला असं लिहायच्या आधी शेजारी बसलेल्या आईला ‘खोङ’ म्हणायला सांगा. तिचेही ओठ मिटतील.

शब्दाच्या सुरुवातीला मात्र सूट नाही. ‘का’, ‘था’, ‘सा’ सपाट सुरात म्हणताना व्यंजनाच्या जागी झटका आला, तर तो भाषेचा नाही. सपाट सुराचे शब्द आधी निवडायचे ते यासाठीच.

सुरांबद्दल अजून एक गोष्ट. सूर स्वरयंत्रात तयार होतात, टाळूत नाही. त्यामुळे व्यंजनं पार बिघडलेलं मूलही सूर बहुधा शाबूत ठेवतं, आणि सूर अधिक स्वर एवढ्या सामग्रीवर घरचे लोक त्याचं बोलणं ओळखतात. आई मनापासून सांगते, ‘आम्हाला सगळं कळतं.’ ती खोटं बोलत नाही. पण शाळेतल्या बाईंना कळतं का, बाजारातल्या अनोळखी माणसाला कळतं का, हे वेगळं विचारा.

दुभाष्याला काय सांगायचं

चांगला दुभाषा अर्थ सांगतो. आपल्याला अर्थ नको असतो. मूल ‘हा’ म्हणालं आणि चित्र माशाचं, म्हणजे चढत्या सुरातल्या ‘का’चं होतं, तर दुभाषा सवयीने ‘मासा म्हणालं’ असं सांगून मोकळा होतो. म्हणून सुरू करण्याआधी स्पष्ट बोला: मूल जसं म्हणालं तसंच, चुकीसकट, तुम्ही म्हणून दाखवा. दोन-तीन शब्दांवर सराव करून घ्या. आणि गेंगाणेपणाचा अंतिम अंदाज एकट्याने देऊ नका. ध्वनिमुद्रण एखाद्या व्हिएतनामी भाषक थेरपिस्टला ऐकवता आलं तर उत्तम. हो ची मिन्ह सिटीतल्या फाम ङोक थाक वैद्यकीय विद्यापीठात ट्रिन् फाउंडेशन ऑस्ट्रेलियाच्या मदतीने 2010 मध्ये स्पीच थेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हापासून तिथे प्रशिक्षित माणसं तयार होत आहेत. त्याच्या तुलनेत मुंबईत नायर रुग्णालयात हे शिक्षण कितीतरी आधीपासून आहे. शस्त्रक्रियेचं मात्र उलट: ऑपरेशन स्माइलसारखी पथकं 1989 पासून व्हिएतनामला जात आहेत. म्हणजे टाळू शिवणारे हात आधी पोचले आणि बोलणं शिकवणारे बऱ्याच वर्षांनी. मोठ्या वयाचं, शस्त्रक्रिया चांगली झालेलं आणि तरीही घशातून बोलणारं मूल तुमच्याकडे आलं, तर हा मागचा इतिहास डोक्यात असू द्या. त्याला शिकवायला कोणी नव्हतंच.

सहावी पायरी: कारण शोधा

तोंडात टॉर्च टाका. टाळूला छिद्र राहिलंय का, ते पाहा. असेल तर ते तात्पुरतं झाकून (दंतवैद्याकडचं मऊ मेण चालतं) तीच वाक्यं पुन्हा म्हणवून घ्या. फरक पडला तर छिद्राचा वाटा आहे. लहानशा छिद्राने स्वर फारसे गेंगाणे होत नाहीत, हवा तेवढी निसटते. तेव्हा छिद्र दिसलं म्हणून शोध तिथे थांबवू नका. ‘आ’ म्हणताना मऊ टाळू वर उचललेली दिसली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. ती मागच्या भिंतीला टेकते का, हे तोंडातून दिसत नाही.

कान तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं फार आढळतं, आणि ज्याला नीट ऐकूच येत नाही ते मूल नीट बोलणार कसं?

मग सगळ्या नोंदी समोर घेऊन एकच प्रश्न विचारा: हे मूल चुकीचं शिकलंय, की त्याच्याकडे बरोबर बोलायला लागणारी टाळूच नाही? स्वर गेंगाणे, ब चा म, द चा न, पण जीभ-ओठ योग्य जागी, आणि नाक धरलं की बोलणं एकदम सुधारतं: हे टाळूचं अपुरेपण आहे. थेरपीने ते जाणार नाही. व्यंजनं घशात काढलेली, नाक धरूनही सुधारणा नाही: ती शिकलेली सवय आहे आणि ती थेरपीनेच जाते, शस्त्रक्रियेने नाही. तिसरा प्रकार हुकतो. त, थ, क स्वच्छ, स्वर स्वच्छ, फक्त स आणि च ला हवा नाकातून. असं मूल टाळू मिटवू शकतं, त्याने तो एक ध्वनी नाकातून काढायची सवय लावून घेतली आहे. अशा मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणं हा अन्याय आहे.

सातवी पायरी: थेरपी

फुगे, शिट्ट्या, मेणबत्त्या, पाण्यात नळीने बुडबुडे. हे सगळं बंद करा. आपल्याकडेही ते सर्रास लिहून देतात आणि पालक वर्षानुवर्षं इमानाने करतात. फुंकताना टाळू मिटते ती वेगळ्या तऱ्हेने, बोलताना वेगळ्या. फुंकण्याने बोलणं सुधारत नाही हे पुरतं सिद्ध झालं आहे. त्या वेळेत मुलाकडून ध्वनी म्हणवून घ्या.

घशातला झटका मोडायला व्हिएतनामीत थ सारखा मित्र नाही. महाप्राण काढताना स्वरतंतू उघडे राहावे लागतात, म्हणून त्याच क्षणी झटका देता येत नाही. आधी नुसता ‘हाऽ’ कुजबुजत म्हणायला लावा. तो मोकळा आला की जीभ दातांमागे टेकवून तोच श्वास सोडायचा: ‘था’. मूल सारखं घशात जात असेल तर हळूच नाक धरा, म्हणजे दाब तोंडात जाणवतो. ‘था’ पक्का झाला की ‘ता’. स साठी दात मिटून ‘त्’ लांबवा, तो ‘त्स्’ होतो आणि मग नुसता ‘स्’ सोडवून घेता येतो. दिसणारा म्हणून फ लवकर घ्या, तो मुलाला आरशात कळतो.

सुरुवातीचे सगळे शब्द सपाट सुरात ठेवा. ‘ङा’ आणि ‘नङ’ सुरांचे शब्द सर्वांत शेवटी घ्या, कारण त्यांत कंठ आवळावाच लागतो आणि नुकतीच सुटलेली सवय परत येते. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा, आई किंवा आजीबरोबर. घरचा सराव व्हिएतनामीतच. शाळेची भाषा इंग्रजी आहे म्हणून घरची भाषा थांबवा, असा सल्ला कुणी दिला असेल तर तो पालकांच्या डोक्यातून काढून टाका. एका भाषेत जागेवर आलेला थ किंवा स दुसऱ्या भाषेतही वापरता येतो.

आठवी पायरी: कधी थांबायचं

जागा बरोबर आली, सवय सुटली, आणि तरीही ‘को बा दी चऽ’ नाक धरल्याशिवाय स्वच्छ येत नाही, तर थेरपी लांबवू नका. मुलाला क्लेफ्ट टीमकडे, म्हणजे दुभंगलेल्या टाळूवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या पथकाकडे पाठवा. साधारण चार-पाच वर्षांचं मूल नाकातून घातलेल्या दुर्बिणीला किंवा बोलतानाच्या एक्स-रे चित्रणाला साथ देऊ शकतं. तपासणीच्या वेळी म्हणायची वाक्यं तुम्हीच लिहून द्या, व्हिएतनामीत, मुलाच्या बोलीत. नाहीतर तिथे त्याला इंग्रजी वाक्य म्हणायला लावतील, ते अडखळेल, आणि चित्रणातली टाळूही अडखळलेलीच दिसेल. घशातला झटका अजून टिकून असेल तर तेही कळवा. झटक्याच्या वेळी टाळू आळशी राहते, म्हणून फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. निदान एक-दोन व्यंजनं योग्य जागी आणूनच ही तपासणी करावी.

पुढे टाळू पुन्हा शिवणं, घशामागून फ्लॅप (मांसाचा पट्टा) घेणं की तोंडात बसवायचं उपकरण, हे फटीच्या आकारावर आणि टाळूच्या हालचालीवर टीम ठरवते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की त्याआधीच्या आठवड्यात तिन्ही गठ्ठ्यांचं ध्वनिमुद्रण करून ठेवा आणि सूज उतरल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, हुबेहूब तीच वाक्यं त्याच मायक्रोफोनवर पुन्हा घ्या. तेव्हा दुसरा गठ्ठा विसरू नका. ‘मे मुआ ञो’चं ‘बे बुआ...’ व्हायला लागलं असेल तर वाट जास्त अरुंद झाली आहे. त्या वेळी आईला रात्रीच्या घोरण्याबद्दल आणि झोपेत श्वास अडकण्याबद्दल आवर्जून विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा.